चंद्राकाकूचा बिबा

परवा तिसगावच्या बाजारात काळेभोर बिबे दिसले आणि बहात्तरच्या दुष्काळातली चंद्राकाकू आठवली. खडी फोडून माझ्या टाचा भेगाळल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील घर बघायला येणार होते. शेजारच्या काकूने बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि तेलाचे थेंब भेगांत सोडले. वास उग्र, पण ठसठस थांबली.

"टाचंपुरतंच हां. तोंडाला लागलं तर उतंल," ती म्हणाली.

तिची पाठ वळताच मी तेच तेल गालावरच्या चामखिळीला लावलं.

सकाळी तोंड भोपळ्याएवढं सुजलं. काकू त्यावर खोबरं वाटून थापत असतानाच पाहुणे दारात आले.

"तोंडाला बिबा लावलाय? पोरगं येडं हाय का काय?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"न्हाई दादा, पोरगं शहाणं हाय. माझाच हात चुकला," काकू म्हणाली.

लग्न जमलं. काकूकडे मात्र पुन्हा कुणी बिबा लावून घ्यायला गेलं नाही आणि मी गप्प राहिलो.

काल बायकोला सगळं खरं सांगितलं. ती हसायला लागली. "मला काकूंनी हळदीलाच सांगितलं हुतं. तुमी गावाला कवा सांगनार?"

म्हणून हे लिहिलं. काकूचा हात चुकला नव्हता.