मागच्या सीटवर बसलेले मेस्त्री

डिचोलीत आमच्या घरालगत वेल्डिंगची शेड होती. आता तिथे दुकानं झाली, पण तापलेल्या लोखंडाचा वास आला की मला तिथले मेस्त्री आठवतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कामाला हात घालण्याआधी ते पत्र्यावर बोटांनी टकटक करायचे आणि आजाऱ्याला विचारावं तसं विचारायचे, "खंय दुखता गो बाये?" वेगाची मात्र त्यांना भारी भीती. कुणी मोटरसायकलवर मागे बसा म्हटलं तरी ते चालतच निघायचे.

आमच्या ह्यांना गाड्यांच्या शर्यतीचं वेड. खाणीच्या रस्त्यावर गाडी उडवून उडवून, मागच्या चाकांचे दांडे जिथे तळाला जोडलेले असतात, तिथला पत्रा फाटला. मेस्त्रींनी तिथे जाड पट्ट्या वेल्ड केल्या. त्याआधी पट्ट्यांचे कोपरे घासून गोल केले.

"टोक ऱ्हवला तर पत्रो थंयसूनच परत फाटतलो," म्हणाले.

हे लगेच घाटात गाडी पळवून बघायला निघाले. मी दारात पदर दातात धरून उभी. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

"मेस्त्री, तुमी खंय?" हे हसले.

"माझ्या जोडार मीच बसतलंय. वैनी, तुमी भिया नकात."

परत आल्यावर मेस्त्री आधी फणसाखाली जाऊन ओकले. मग गाडीखाली शिरून त्यांनी जोड चाचपले.

"जोड घट आसत. मीच तेवढो ढिलो झालंय."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. खूप काही बोलायचं होतं. तोंडून निघालं, "आणखी पाणी देऊ?"