अनुपमाच्या जीपचं लॉक

वरवट बकालच्या अनुपमाला लोक देवभोळी म्हणतात आणि ते काही खोटं नाही. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नाही. मळ्यातली पहिली वांगी देवापुढे जातात, मग बाजारात. पण एवढ्या देवाच्या बाईच्या मनात गेलं वर्षभर एक विस्तव धुमसत होता, आणि तो पेटवला होता तिच्या धाकट्या जावेनं, पुष्पांजलीनं. खरं तर पुष्पांजलीनं काहीच केलं नव्हतं. ती फक्त जीपच्या पुढच्या सीटवर बसली होती.

ती सीट साधी नव्हती. कार्तिकात डोंगरावरच्या मायचा भंडारा असतो. वर जंगलात चूल पेटवू देत नाहीत, म्हणून वांग्याची भाजी गावातच शिजते आणि मोठ्या कढईत, झाकण दोरीनं आवळून, जीपमधून वर जाते. ज्या घरची जीप कढई नेते त्या घरची बाई देवीचा कलश मांडीवर घेऊन पुढे बसते. एकदा कलश उचलला की तो देवळातच टेकवायचा. मध्ये कलशही जमिनीला लागू द्यायचा नाही आणि धरणाऱ्या बाईनं पायही खाली ठेवायचा नाही. अनुपमा लग्न होऊन आली तेव्हापासून हा मान तिचा. तिचा नवरा ज्ञानेश्वर घरातला थोरला, आणि दगडाधोंड्यातून चढणारी छोटी जीप गावात आधी त्यानंच आणली.

गेल्या वर्षी त्या जीपनं घात केला. नाल्यात मागचं एक चाक दगडावरून सुटून अधांतरी झालं आणि तेच गरगर फिरत राहिलं. जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म हलेना. धाकटा दीर राजकुमार दुसरी जीप घेऊन मागून आला. त्याच्या गाडीला दोन्ही चाकं एकदम फिरवणारं लॉक होतं. कढई त्याच्या जीपमध्ये चढवली, आणि कलश खिडकीतून हातोहात गेला, अनुपमाच्या मांडीवरून पुष्पांजलीच्या मांडीवर.

"द्या ताई, मी घेते," एवढंच पुष्पांजली बोलली होती. तेही हळू आवाजात. तो हळू आवाजच अनुपमाला जास्त टोचला.

त्यानंतर जावेचं सगळंच तिच्या डोळ्यात सलू लागलं. तिची रांगोळी फार रेखीव, तिची कढी न फुटणारी, तिच्या दारातली शेवंती नेमकी हिच्या आधी फुलणारी. हळदीकुंकवाला कुणीतरी भंडाऱ्याचा विषय काढला तर पुष्पांजली म्हणाली, "आमच्या गाडीले लॉक हाय ना, म्हनून निभलं." अनुपमानं त्या दिवशी वाण घेतलं, पण तिळगूळ तोंडाला लावला नाही. गुरुवारी शेगावला महाराजांपुढे हात जोडून ती म्हणाली, सगळ्यांचं भलं करा. आणि लगेच मनात आलं, पण पुष्पाची गाडी यंदा सुरूच होऊ देऊ नका. ती दचकली. कान धरून माफी मागितली. पण मनात आलेलं काही गेलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी दर्शन झाल्यावर तिनं नवऱ्याला थेट गॅरेजवर नेलं.

मिस्त्री बोलका होता. जीपखाली बोट दाखवून म्हणाला, "हा मागचा गोळा पाह्यला का वहिनी? डिफरन्शियल म्हनते याले. इंजिनची ताकद दोन चाकात हा वाटते. पन वाटते कसा, जे चाक सोपं फिरते त्याले देऊन टाकते. हवेतलं चाक सोपं, मंग तेच फिरते. घरात जो रिकामा फिरते त्यालेच लाडू, तसं."

"आमच्या घरात तसंच हाय," ज्ञानेश्वर म्हणाला.

"तुम्ही गप बसा. भाऊ, यावर इलाज काय हाय?"

"दोन हायेत. एक लॉकर. बटन दाबलं का दोन्ही चाकं एकजीव, एक हवेत असो का चिखलात. पन वळनावर बंद कराच लागते. वळताना बाहेरचं चाक जास्त चालते, आतलं कमी. एकजीव केल्यावर ते कसं जमन? गाडी सरळ जायाले पाह्यते. दुसरं हाय लिमिटेड स्लिप. त्याले बटन नाही. एक चाक घसरलं का आपोआप थोडी ताकद दुसऱ्याकडे देते. रोडवर, चिकन मातीत चांगलं. पन चाक पुरंच उचललं, तं लॉकरएवढं जोर नाही करत."

ज्ञानेश्वरनं लगेच मान हलवली. "आपल्याले तेच बरं. रोज वांगे भरून मळ्याच्या चिखलातून निंगा लागते, मंग बाजारापर्यंत डांबरी. नाला वर्षातून एकदा. अन् ध्यानात ठेवून बटन दाबनं माह्याच्यानं होत नाही. मी तं मोटर बंद कराले भुलतो."

"राजकुमारभाऊनं काय बसवलं?" अनुपमानं विचारलं.

"लॉकर."

"मंग लॉकरच."

"अवो, त्याचं काम येगळं, आपलं येगळं..."

"आपल्याले कमी काऊन पायजे?"

मिस्त्रीनं ज्ञानेश्वरकडे पाहिलं, ज्ञानेश्वरनं आभाळाकडे. लॉकर ठरलं.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. अनुपमानं झेंडूचा हार बोनेटला घातला आणि हळदीकुंकू थेट त्या लाल बटनाला वाहिलं. बटनात बारीक दिवा होता, दाबलं की उजळायचा. तो उजळलेला पाहून तिनं मनाशी नेम धरला, कलश मांडीवर आल्यापासून देवळात टेकेपर्यंत हा दिवा विझू द्यायचा नाही. अखंड दिव्यासारखा.

भंडाऱ्याच्या सकाळी कढई कुणी न्यायची हे ठरवणारे म्हातारे अर्जुनराव जीपभोवती एक फेरी मारून आले. "ज्ञानेश्वर, यंदा तरी चढशीन का, का दोर आनू?"

"चढते मामा. लॉक हाय," अनुपमाच बोलली, मागे उभ्या पुष्पांजलीला ऐकू जाईल अशी.

नाल्यात पुन्हा तेच चाक उचललं. ज्ञानेश्वरनं बटन दाबलेलंच होतं. जीप गुरगुरली आणि सरळ वर आली. अनुपमानं आरशात पाहिलं. मागच्या जीपमध्ये पुष्पांजली बसलेली, मांडी रिकामी. इतकं गोड तिला वर्षभरात काही लागलं नव्हतं.

मग मोहाच्या झाडाजवळचं आवळ वळण आलं. ज्ञानेश्वरनं स्टिअरिंग पिळलं, पण जीप वळेना. नाक थेट मातीच्या दरडीकडे. त्याचा हात बटनाकडे गेला. त्याआधीच तिनं बटनावर तळवा ठेवला.

"लावलेला दिवा मधातच इझवत असते का कोनी?"

"अनु, मिस्त्रीनं सांगतलं होतं..."

"मिस्त्रीले देवीचं काय माहीत? मांगं घेऊन पाहा."

त्यानं मागे घेतली, पुन्हा पुढे. नाक पुन्हा दरडीत. तिसऱ्यांदा जीप वाटेत आडवी झाली, झाकणाची दोरी सैल पडली आणि भाजीचा तांबडा रस्सा फटीतून ठिबकू लागला. मागची जीप थांबली. आरशात पुष्पांजली उतरताना दिसली. पदर खोचून ती धुळीतून वर येत होती.

कलश घ्यायला येऊन राह्यली, अनुपमाच्या मनात आलं. यंदाही. तिनं कलश छातीशी आवळला. दुसरा हात बटनावरच. खाली पाय ठेवता येत नव्हता, तोंड लपवायला जागा नव्हती. पुष्पांजली खिडकीशी आली आणि पुन्हा त्याच हळू आवाजात बोलली.

"ताई, बटन बंद करा."

अनुपमानं तळवा हलवला नाही.

"गेल्या साली ह्याच वळनावर आमचं बी असंच झालतं. मी म्हनलं, माह्याकडून काही इटाळ झाला, मायनंच गाडी धरली. रडाले आलं मले. हे म्हनले, लॉक चालू हाय, बंद कर. केलं अन् वळली. कोनाले सांगतलं नाही मी."

म्हणजे ही पण रडली होती. वर्षभर आपण जिच्या मांडीवरचा कलश पाहत होतो, तिचे डोळे पाहिलेच नव्हते. अनुपमानं तळवा उचलला, मनात मायची माफी मागितली आणि आपल्याच बोटानं दिवा विझवला. ज्ञानेश्वरनं स्टिअरिंग पिळलं. जीप वळली.

कलश देवळात टेकला. अर्जुनरावांनी कढईत डोकावून "थोडी सांडली, पन पुरन," म्हटलं, आणि पंगती बसल्या. दोघी जावा शेजारी वाढत होत्या. अनुपमाला वाटलं, पोटातलं ते जळणं आता थंड झालं. तिनं स्वतःहून पुष्पांजलीच्या घामेजल्या कपाळावरचं कुंकू नीट केलं.

"यंदा तुमच्याकडंच मान राह्यला ते बरं झालं ताई," पुष्पांजली वाढता वाढता म्हणाली. "आमच्या ह्यायले बी बटनाचा कटाळा आलाय. लॉक काढून ते आपोआपवालं बसवतो म्हनते. मोठे भाऊजी पयल्यापासून तेच म्हनत होते म्हने."

अनुपमाच्या पळीतली भाजी एका पत्रावळीत दोनदा पडली.

उतरताना तिनं पुढच्या सीटवर नीट मांडी घातली. नाला ओलांडून झाला. मग तिनं विचारलं, "अहो, तो शेगावचा मिस्त्री उद्या असते का दुकानात?"

ज्ञानेश्वरनं तिच्याकडे पाहिलं, बटनावरच्या वाळलेल्या कुंकवाकडे पाहिलं, आणि पुढच्या वळणाला गिअर बदलला.