चिखलात फेकलेला रुपया

सुशीलामावशी गेल्याची बातमी माझ्या मामेभावाने, प्रशांतने, फोनवर दिली. "आत्या गेली, ताई." त्याच दमात त्याने विचारलं, "तिचा तो चांदीचा रुपया कुठी ठेवला असन, तुले मालूम हाय का?"

सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. मला जमत नाही…

मावशी नर्स होती. गडचिरोलीच्या आतल्या गावांतल्या उपकेंद्रांत तिची सारी नोकरी गेली. नाल्याला पूर आला की चार-चार दिवस तिकडेच अडकायची, आणि परत आल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. लग्न केलं नाही. ब्रह्मपुरीत दोन खोल्यांचं घर बांधलं आणि कॉलेजसाठी मला तिथे ठेवून घेतलं. लाड करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मी नापास झाले तेव्हा म्हणाली, "रडाचं असन तर बाहेर जाऊन रड. मंग येऊन पुस्तक उघड."

तो रुपया तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा. कापसात गुंडाळून औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवलेला, त्यावरच्या राजाचे नाकडोळे झिजलेले. मावशी पोटात होती तेव्हा आजी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, बांधीत धानाचा रोवणा, भाताची लावणी, करत होती. रोवणा संपला आणि तिची शेवटची मजुरी राहिली. तिने ती मागितली. आमच्या लोकांनी मागायचं नसतं, मिळेल ते घ्यायचं असतं, असा तो काळ. मालगुजाराने बांधावरून रुपया चिखलात फेकला आणि म्हणाला, "शोध." सातव्या महिन्याचं पोट घेऊन आजी चिखल चाचपत राहिली आणि बांधावरची माणसं हसत राहिली. रुपया सापडला. घरात त्या दिवशी दाणा नव्हता, तरी आजीने तो मोडला नाही. पुढेही कधीच नाही. मावशी म्हणायची, "मायनं तो मायेनं नाई ठेवला. चोराले पकडून ठेवते ना, तसा ठेवला."

प्रशांतला हे सगळं ठाऊक होतं. पण मोबाइलवर जुन्या नाण्यांचे लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ पाहून त्याचं डोकं फिरलं. दोन वर्षांपूर्वी तो चंद्रपूरच्या एका नाणेवाल्याला घेऊनच घरी आला. त्या माणसाने रुपया वजनकाट्यावर टाकला, भिंगातून पाहिला. असे ढिगाने मिळतात, चांदीच्या भावापेक्षा फार काही येणार नाही, म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "काही किस्सा असला तर सांगा, बाई. त्याचे वरचे मिळतात."

मावशीने रुपया डबीत टाकला, झाकण लावलं. "याची किंमत ज्यानं फेकला त्याच्यापाशी बाकी हाय. तुमच्यापाशी नाई. चहा प्या आन् निघा."

ती गेली आणि आठवड्याच्या आत प्रशांतने रुपया विकला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणविधीच्या दिवशी, भन्तेजी निघून गेल्यावर, मी डबी उघडली तर आत नुसता कापूस. प्रशांत म्हणाला, "पडूनच राह्यला असता, ताई. आन् तू काऊन चिडून राह्यली? अर्धे तुले देतो ना." त्याच्या अंगावर धावून जाण्याची इच्छा झाली. मामी मध्ये उभी राहिली.

मी चंद्रपूरला त्याच नाणेवाल्याच्या दुकानात गेले. रुपया काचेच्या कपाटात होता. खाली छापील कार्ड : मालगुजाराने आपल्या इमानी मजूर स्त्रीला खुश होऊन दिलेलं बक्षीस.

बक्षीस! खुश होऊन! मी ते तीनदा वाचलं. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या भावाने चिखलाचं सांगितलं होतं. पण तसं लिहिलं तर गिऱ्हाईक घेत नाही, ताई. लोकांना घरात चांगली गोष्ट पाहिजे."

त्याने सांगितलेली किंमत मला परवडली असती. पण आजीची हक्काची मजुरी पुन्हा पैसे मोजून मी का घ्यायची? कार्ड मागून घेतलं, बक्षिसाची ओळ खोडली आणि पेनाने लिहिलं : ही मजुरी आहे. मागितली म्हणून गरोदर बाईसमोर चिखलात फेकली. नाणेवाला ओरडला, "आता कोण घेईल हे?" मी म्हटलं, "नको घेऊ देत."

माझी पाठ वळताच त्याने ते कार्ड फाडलं असणार. म्हणून इथे लिहिते आहे. हे फाडायला त्याला घरोघर जावं लागेल.

गेल्या रविवारी मावशीची खोली आवरत होते. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावातून एक म्हातारी एसटीने आली. हातात मोहफुलांचं गाठोडं. नर्सबाई गेल्याचं तिला माहीतच नव्हतं. सांगितल्यावर ती मावशीच्या खाटेवर बसली, गाठोडं उशाशी ठेवलं. मग म्हणाली, "दवाखान्यातले दुसरे लोक आमच्या हातावर गोळ्या वरून टाकत. हात लागू नाई देत. बाई अशी द्यायची." तिने माझा हात ओढला, तळव्यावर मधोमध बोट टेकवलं आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.