फळ्यावरचं कोरडं आणि दोरीवरचं ओलं

आमच्या गावाच्या एसटी थांब्यावर एक काळा फळा आहे. तो मी लावला. रोज सकाळी त्यावर हवामानाचा अंदाज लिहायचा हेही मीच ठरवलं, कुणी सांगितलं नव्हतं. कारण सरळ होतं. फोनवर येणारा अंदाज वाचला की माझं डोकं फिरायचं. किनारपट्टीला सात-आठ ओळी. लाटा किती उंच, वारा किती, होड्या कधी न्यायच्या, कधी नाही. त्यानंतर आम्ही. आम्ही म्हणजे 'अंतर्गत भाग'. अख्खा खानदेश, धुळ्यापासून भुसावळपर्यंतची माणसं, आणि नाव काय, तर अंतर्गत भाग. पोटातल्या आतड्यासारखं.

धुळ्याला कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायला शिकले. बसभाड्याची सवलत, वसतिगृहाचं पाणी, लायब्ररीची वेळ. पत्रकाचे नियम मला पाठ होते. वाक्य छोटं. 'कदाचित' चालत नाही. 'शक्यता' चालत नाही. आणि शेवटी लोकांनी काय करायचं ते स्पष्ट सांगायचं. गावी परत आल्यावर याच नियमांनी मी 'खानदेशाला वेगळा अंदाज हवा' असं पत्रक काढलं, मोठा फ्लेक्स छापून घेतला आणि थांब्यावर बांधला. थांब्यावर बसणारे आबा रोज विचारायचे, "काय बाई, आज मासा धराले जावानं का नई?" मी हसायचे नाही. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

भाद्रपद संपत आला होता. ऊन असं की पाठ भाजून निघावी. बाजरी कापणीला आली होती. शेजारच्या अक्का दोन दिवस फळ्यासमोर थांबून जायच्या. त्यांची बाजरी हेच त्यांचं वर्षाचं खाणं. कणसं खुडून खळ्यावर पसरायची आणि तीन उन्हं तरी द्यायची, हा हिशेब. मध्ये पाऊस आला तर दाणा काळा पडतो, कणसातच कोंब येतात. मग ती भाकरी ना माणसाला ना ढोराला.

त्या सकाळी अंदाज नेहमीसारखाच होता. किनाऱ्याला मुसळधार, आम्हाला मुख्यतः कोरडं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'अंतर्गत भाग कोरडा.' खाली जागा उरली होती. मग पत्रकाच्या सवयीनं आणखी एक ओळ लिहिली: 'बाजरी खुडून घ्या.'

अक्कांनी ती वाचली, पदर खोचला आणि गेल्या. एकमेकींच्या शेतात पाळीपाळीनं कामाला जाणाऱ्या सहा बायका त्या दिवशी अक्कांकडे होत्या. दुपारपर्यंत खळं कणसांनी भरलं. मी तिकडून गेले तेव्हा मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. माझं लिहिलेलं कुणीतरी केलं होतं. कॉलेजात तीन वर्षं पत्रकं वाटली, पण एवढ्या तातडीनं कुणी काही केलं नव्हतं.

जेवणवेळ होऊन गेली आणि अक्का थांब्यावर आल्या. मी तिथे फ्लेक्सची सुटलेली दोरी बांधत होते. त्या चालत आल्या, पण धापा टाकत होत्या.

"तुना फळावर कोरडं शे," त्या म्हणाल्या. "मन्ही पोरनी दोरीवरना कपडा काढी लिधात. आते तू सांग, बाजरी उचलू का ऱ्हाऊ देऊ?"

अक्कांची मुलगी भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात राहते. त्या दोघी रोज दुपारी बोलतात एवढं मला माहीत होतं. मला वाटायचं, सासू आणि भाजी यांवर बोलत असतील. तसं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचं कुणी ना कुणी भुसावळला आहे, आणि या दिवसांत प्रत्येकीचा पहिला प्रश्न असतो, दोरीवरचे कपडे काढले का. श्रावण सरला की आमच्याकडचा पाऊस बहुतेक वेळा समुद्राकडून येत नाही. तो पूर्वेकडून येतो. आधी भुसावळ, मग जळगाव, मग अमळनेर, आणि तीन-चार तासांत आम्ही. हे सगळ्या बायकांना माहीत होतं. खानदेशासाठी भांडणारी मी मात्र रोज मुंबईच्या दिशेनं बघत होते.

तरी मी वाद घातला. पश्चिमेला, साक्रीच्या बाजूला बोट दाखवलं, आभाळ स्वच्छ आहे म्हटलं. अक्का पूर्वेकडेच बघत होत्या. मग मी फोन काढून सकाळचा अंदाज पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत. खाली एक ओळ होती. अंतर्गत भागाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, नंतर तो पश्चिमेकडे सरकण्याची शक्यता.

शक्यता. तुरळक. पत्रकात न चालणारे दोन शब्द. सकाळी ती ओळ मी पाहिली होती आणि गाळली होती. अंदाज खोटा नव्हता. मी तो कापला होता.

मी एवढंच म्हणाले, "उचला." आणि फ्लेक्सच्या चारही दोऱ्या अक्कांच्या हातातल्या विळ्यानं कापल्या.

सहा बायका, अक्का आणि मी. आबासुद्धा काठी बाजूला ठेवून आले. कणसं पाट्यांत भरून खळ्याच्या उंच कोपऱ्यात ढीग घातला. ताडपत्री एकच होती, ती अर्ध्याला पुरली. उरलेल्यावर मी फ्लेक्स टाकायला लागले, तो छपाई खराब होऊ नये म्हणून अक्षरं खाली करून. अक्का म्हणाल्या, "उलट कर, माय. अक्षरं वर." गुळगुळीत बाजू वर असली की पाणी घसरून जातं. कडांवर दगड ठेवले. शेवटचा दगड ठेवताना पूर्वेचा वारा आला, मातीचा वास घेऊन. चार वाजता जे कोसळलं ते दीड तास थांबलं नाही. ओसरीतून मला ढिगावरची माझी घोषणा स्पष्ट वाचता येत होती. वाचायला रस्त्यावर कुणी नव्हतं.

बाजूची दोन-तीन पाट्या कणसं भिजली. बाकी सगळी कोरडी निघाली. अक्कांनी फ्लेक्स झटकला, घडी घातली आणि काखेत घेतली. "तुनं पत्रक आज कामले उनं," म्हणाल्या. मी तो परत मागितला नाही. चूक माझी होती, आणि अक्कांना ताडपत्रीची गरज माझ्यापेक्षा जास्त होती.

वेगळ्या अंदाजाची मागणी मी सोडलेली नाही. ती बरोबर आहे आणि ती मिळेपर्यंत मी मागणार. अर्ज घेऊन धुळ्याला दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदाही जाईन. फक्त मागणीत आता समुद्राचा राग नाही. आमचा पाऊस कुठून येतो ते पहिल्याच ओळीत लिहिलंय.

आणि फळा आहेच. अंदाज आता मी पूर्ण लिहिते, 'शक्यता' आणि 'तुरळक'सकट. जागा पुरत नाही, अक्षरं बारीक होतात, आबा कुरकुरतात. बाजरी खुडा की नका खुडू, हे मी लिहीत नाही. त्याऐवजी खाली एक चौकोन आखलाय: 'भुसावळ, कपडे.' तो दुपारी अक्का भरतात. त्यांना लिहिता येतं, पण त्या लिहीत नाहीत. कपडे दोरीवर असले तर एक आडवी रेघ, काढले तर रेघेवर फुली. काल रेघ होती. अक्कांनी भिजलेली कणसंसुद्धा काल पुन्हा खळ्यावर पसरली.