जागेवरून न हलणारी शीळ

पाणीपुरवठा खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याचं काम गळती ऐकण्याचं. रात्री शहर निजलं, नळ बंद झाले, गाड्या थांबल्या, की तो आणि त्याचा जोडीदार रस्त्यावर उतरायचे. छातीइतक्या उंचीची लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि खाली गाडलेल्या नळाचं ऐकायचं. कुणी मध्येच उठून तोटी सोडली तर आवाज येतो आणि जातो. गळतीचा आवाज मात्र जागेवरून हलत नाही. तो जिथे सगळ्यात मोठा, तिथे खडूने फुली मारायची. सकाळी खोदणारे येत.

सगळा जन्म या कामात गेला, पण माणूस मुळातच नाजूक नाकाचा. फुटक्या नळांतून काय काय निघतं ते त्याने पाहिलं होतं. केसांचे पुंजके, कुजक्या चिंध्या, एकदा तर अख्खी घूस, फुगून पांढरी पडलेली. तेव्हापासून तो पाणी दोनदा उकळून, फडक्याने गाळून प्यायचा आणि तरीही घोट घेताना तोंड वाकडं करायचा. त्यात गटाराच्या कडेला वाकून ऐकायचं म्हणजे लोकांनी दिवसभर थुंकलेलं, ओकलेलं, सांडलेलं सगळं नाकाशी. घरी गेल्यावर तो कान साबणाने धुवायचा.

"अहो, बायको गेल्यावर माणसं देवाला लागतात," जोडीदार म्हणायचा. "तुम्ही घाणीला लागलात."

"मी कुठला लागतोय. तीच हात धुऊन पाठीस लागलीय."

"घाण आणि हात धुऊन?"

यावर कानसेनही हसायचा, क्वचित.

या सगळ्याला उतारा म्हणावा अशी एकच गोष्ट होती. थंडी पडायला लागली की लाव्यांचे थवे शहरावरून जात. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा मातकट पक्षी. चालतो जमिनीवर, पण मुलूख बदलायचा तर रात्रीचा उडतो. दिसत काहीच नसे. वरून नुसती शीळ यायची, तीन तुकड्यांची, शेवटचा तुकडा खाली झुकलेला. आकाशाच्या एका टोकाला ती लागायची, डोक्यावरून जायची आणि दुसऱ्या टोकाला विझायची. कानसेन सळई उचलून, मान वर करून उभा राहायचा. माणसाचा हात न लागलेलं असं जगात एवढंच काय ते उरलंय, असं त्याला वाटायचं. जोडीदाराला हे त्याने कधी सांगितलं नाही. थट्टा झाली असती.

त्याला मुलगी एकच. शहराच्या दुसऱ्या टोकाला दिली होती. घर तिमजली, खाली जावयाचं हॉटेल. निवृत्तीनंतर बापाने आपल्याकडेच यायचं, असं मुलीने ठरवून टाकलं होतं आणि गच्चीवर त्याच्यासाठी खोलीही बांधली होती. दोन बाजूंनी खिडक्या, वर मोकळं आकाश. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत दिवस काढलेल्या माणसाला ती खोली म्हणजे सुखच होतं. निवृत्ती तोंडावर आली होती आणि तो मनातल्या मनात तिथे खाटेची जागाही ठरवून बसला होता.

आदल्या वर्षी खोलीचं काम सुरू झालं तेव्हा मुलीकडे जेवण होतं. बोलता बोलता त्याने लाव्यांचा विषय काढला आणि जरा रंगात येऊन तोंडाने हुबेहूब शीळ घातली. जावई खुर्चीवरून उठूनच आला.

"मामा, परत एकदा. फोनवर घेतो. गल्ल्यावर बसून कंटाळा येतो, ऐकत बसेन."

कानसेनला आजवर कुणी काही परत एकदा करायला सांगितलं नव्हतं. त्याने दोनदा केलं, तीनदा केलं. पुढचा एक दात पडलेला, त्यामुळे शिळेच्या शेपटाला जराशी हवा सुटायची. तेवढं सोडलं तर लाव्यानेही ओ द्यावी अशी.

यंदा लावे यायला लागले त्या दिवसांतली गोष्ट. त्या रात्रीची पाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. जोडीदाराने रस्त्यातल्या व्हॉल्व्हचं झाकण उघडून ठेवलं होतं, कानसेन सळई टेकवणार तोच शीळ आली.

"आले तुमचे पाहुणे," जोडीदार म्हणाला.

कानसेनने मान वर केली. शीळ आता डोक्यावर येईल, मग पुढे जाईल, म्हणून तो वाट पाहत राहिला. ती येईना की जाईना. एकाच ठिकाणाहून परत तीच, परत तीच.

"हलत नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे आता आभाळाला गळती लागली का?"

सळई खांद्यावर टाकून कानसेन आवाजाच्या दिशेने निघाला. जन्मभर खाली बघून जे केलं तेच आता वर बघून. या गल्लीत लहान, त्या गल्लीत मोठा, कोपऱ्यावर पुन्हा लहान. म्हणजे मागे फिरायचं. असं करत करत तो ज्या भिंतीखाली उभा राहिला ती मुलीच्या घराची होती. तिथून शिळेच्या शेपटाला सुटणारी हवा स्पष्ट ऐकू येत होती. त्याची जीभ आपोआप दाताच्या फटीत गेली.

हॉटेलचं मागचं दार उघडं होतं. जिन्यात भाजलेल्या पिसांचा वास कोंडला होता, जळक्या केसांसारखा. मधल्या मजल्यावर मोरीत मुलगी बसली होती, शेजारी बादलीभर पिसं. तिचे हात कोपरापर्यंत ओले आणि त्यावर बारीक पिसं चिकटलेली. मोरी तुंबून गुलाबी पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

"बाबा? एवढ्या रात्री? बरं आहे ना?"

"हे काय आहे?"

"गिऱ्हाइकं मागतात हो," ती म्हणाली. "लांबून लांबून येतात यासाठी. वर नका जाऊ, घसरायला झालंय."

तो वर गेला. गच्चीभर बांबूंना जाळं ताणलं होतं आणि कठड्यावर कर्णा ठेवला होता. त्याच्यासाठी बांधलेल्या खोलीत छतापर्यंत खुराडी रचली होती. वरच्या खुराड्याची विष्ठा खालच्यावर, खालच्याची त्याच्या खालच्यावर, आणि शेवटी सगळी नव्या फरशीवर. त्याने खाट जिथे ठरवली होती तिथे मुरगळलेल्या पक्ष्यांचा ढीग होता.

"या मामा," जावई म्हणाला. त्याच्या तोंडावर ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. "तुम्हाला सांगणारच होतो. विकतचा आवाज आणून पाहिला, एक उतरेल तर शपथ. आणि तुमच्या शिळेला कसे पडतात बघा, पिकल्या फळासारखे. खोली चार दिवसच अडवलीय हं. धुऊन देतो."

जावई कौतुकाने बोलत होता. कानसेन सरळ कठड्याकडे गेला. त्याने कर्ण्याची वायर उपसली. मग जाळ्यात अडकलेल्या एका लाव्याला हात घातला. एवढी वर्षं ऐकलेला पक्षी तो पहिल्यांदाच हातात धरत होता. गरम, लिबलिबीत, धडधडणारा. लाव्याने मनगटावर घाण केली आणि पिसांतून चपटे किडे निघून कानसेनच्या बाहीत शिरले. त्याला पक्ष्याचीही किळस आली, आणि किळस आली म्हणून स्वतःची. त्याने दोरा तोडून लावा मोकळा केला. तो उडाला नाही. कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं लावून बसला. कानसेन कठड्यावर वाकला आणि जे पोटात होतं ते खाली गेलं.

"जावईबापू, तो आवाज पुसून टाका," तोंड पुसत तो म्हणाला.

"पुसतो की. हा बघा, गेला. पण मामा, मी तो पुढे पाठवलाय. मासळीवाल्याला, खाटकाला, त्याच्या मेव्हण्याला. आता कुणाकुणाकडे पोचला असेल, काय सांगू?"

मुलगी पदराला हात पुसत दारात आली होती.

"मी खोली धुऊन घेते, बाबा. फिनेल घालते दोनदा. रागावू नका."

"राग नाही गं. किळस आली."

"माझी?"

नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण तिच्या हातावरची पिसं अजून तशीच होती आणि त्याच्या तोंडातून तो शब्द निघाला नाही. तो भिंतीला धरून जिना उतरला. खाली मागोमाग आलेला जोडीदार उभा होता. त्याने तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

कानसेन निवृत्त झाला आणि भाड्याच्याच खोलीत राहिला. लाव्यांचे दिवस अजून संपले नव्हते. अंथरुणावर पडलं की या गच्चीवरून, त्या गच्चीवरून त्याचीच शीळ यायची, दाताच्या हवेसकट. आपलं उष्टं लोक ताटात घेऊन बसलेत असं त्याला वाटायचं. खिडकी लावली तरी ऐकू यायचं, कान जन्मभर त्यालाच तर तयार केलेला.

एका संध्याकाळी मुलगी आली. दारातच उभी राहिली.

"आमच्याकडचं बंद केलंय. भांडून केलंय. जाळं मीच फाडलं."

"आणि बाकीच्यांचं?"

"ते माझ्या हातात आहे का?"

"माझ्या आहे," तो म्हणाला आणि चपला घालू लागला. "दारोदार जाऊन सांगतो, माझा आवाज मला परत द्या."

"वेडे म्हणतील."

"म्हणू देत."

तिने पदर खोचला. "मी येते. जिने चढताना तुम्हाला धाप लागते. आणि माणसं कसली आहेत ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही."

पहिली गच्ची खाटकाची होती. जिना अरुंद, काळोखा, प्रत्येक पायरीला चिकट. वरून शीळ चालूच होती. मुलगी दोन पायऱ्या पुढे होती. तिने मागे वळून हात पुढे केला. त्याने त्या हाताकडे पाहिलं. धुतलेला होता, नखं कापलेली होती. तरीही त्याला त्यावर पिसं चिकटल्यासारखी वाटली. त्याने तो धरला, कारण जिन्याला कठडा नव्हता, आणि दोघं वर जाऊ लागली.