खडूबाई आणि अंड्यांचे ट्रे

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळे खडूबाई म्हणत. तोंडावर मात्र 'ताई'. तपासणीच्या टेबलावर तिच्या उजव्या हाताशी लाल खडूचा तुकडा असे. कॉलर वाकडी, फुली. शिलाई सुटलेली, फुली. फुलीचा शर्ट 'अल्टर'च्या टोपलीत जायचा, म्हणजे ज्याने बिघडवला त्यानेच तो उसवून पुन्हा शिवायचा. घरी जातानाही तिच्या बाहीच्या काठाला लाल भुकटी असायची. नवरा म्हणायचा, "आज किती जणांचे शाप घेऊन आलीस?"

तिच्या समोरच बटणवालीचं टेबल. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. तिच्या शर्टांत कधी खोट सापडत नसे, आणि हेच खडूबाईला खुपत होतं. एकदा सहज तिने नेहमीचं सोडून भलतंच बटण ओढून पाहिलं, तर ते अलगद हातात आलं. मग उलगडा झाला. खडूबाई नेहमी तीनच बटणं ओढते, गळ्याचं, मधलं आणि शेवटचं, हे बटणवालीने केव्हाच हेरलं होतं. ती तीन पक्की, बाकीची रामभरोसे.

"अगं, तू बघणार नाहीस तिथे मी कशाला घाम गाळू?" बटणवाली म्हणाली. टोपलीभर शर्ट परत गेले. दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर ज्या बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत.

कारखाना बंद झाला तेव्हा दोघींची पन्नाशी जवळ आली होती. खडूबाईच्या घरी नवऱ्याचा बस डेपोतला एक पगार उरला, आणि तोही वर्षभरात निवृत्त होणार होता. त्याच सुमारास ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर प्रोग्रॅमिंगचा मोफत वर्ग निघाला. वर्ग पूर्ण करणाऱ्यांना नोकरी मिळण्याची आशा होती. दोघींनी नावं दिली, पण जागा थोड्या होत्या. सुरुवातीचे सराव शुक्रवार संध्याकाळपर्यंत जे पुरे करतील, त्यांनाच पुढे प्रवेश.

सरावाची तऱ्हा न्यारी होती. पडद्याच्या डाव्या अंगाला प्रश्न आणि खाली कोरी जागा. उजव्या अंगाला परीक्षा आधीच लिहून ठेवलेली. अमुक दिलं तर तमुक यायला हवं. आपण ओळी लिहायच्या आणि 'तपासा'चं बटण दाबायचं. चुकलं की लाल, जमलं की हिरवं. काहीच न लिहिता दाबलं, तरी सगळं लालच.

"अजून सुई हातात घेतली नाही, तर म्हणे अल्टर!" खडूबाई पुटपुटली.

शेजारच्या खुर्चीवरून बटणवाली खदाखदा हसली. "आता बस बोंबलत. जन्मभर लोकांना लाल दिलंस, आता बघ कसं वाटतं!"

पण खरं सांगायचं तर खडूबाईला ते लाल आवडू लागलं होतं. ते रागावत नव्हतं, टोमणे मारत नव्हतं. कुठे चुकलं तेवढं दाखवायचं आणि वाट बघत बसायचं. कारखान्यात आपली फुली लोकांना अशी का वाटली नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

शेवटचा सराव अंड्यांचा होता. एका ट्रेमध्ये तीस अंडी मावतात. कितीही अंडी दिली, तरी किती ट्रे लागतील ते सांगायचं. तपासायला तीन आकडे होते. बारा अंड्यांना एक ट्रे, तिसांना एक, एकसष्टांना तीन. खडूबाईने सरळ तिसाने भागलं. बारांना एकही ट्रे आला नाही, एकसष्टांना दोनच आले आणि एक अंडं उघड्यावर पडलं. मग तिने उत्तरात एक मिळवला. बारांचं आणि एकसष्टांचं जमलं, पण तिसांना उगाच दोन ट्रे. एकीकडे शिवावं तर दुसरीकडे उसवायचं. शुक्रवारची दुपार अशीच सरली.

"ऊठ आता, चल," बटणवाली पर्स सावरत म्हणाली. तिचं सगळं हिरवं होऊन पाठवूनही झालं होतं.

"तू ट्रेचं कसं केलंस गं?"

बटणवालीने आवाज खाली आणला. "मशीन तीनच आकडे बघतंय ना? मग सांगून टाक. बारा आले तर एक म्हण, तीस आले तर एक, एकसष्ट आले तर तीन. संपलं. दोन ओळी जास्त, पण डोक्याला ताप नाही."

खडूबाईने तसंच लिहिलं. बटण दाबलं. तिन्ही हिरवे. 'पाठवा' आता एका बोटावर होतं. तिचं बोट तिकडे गेलंही. पण हाताची खोड, तिने आधी एक भलताच आकडा घालून पाहिला. एकतीस. मशीन गप्प. उत्तरच नाही.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर तुझं बटण!"

"असू दे! पाठव!"

"हातात आलं गं."

"घरी बसशील! तो खडू घरी ठेवून यायचं होतंस!"

खडूबाईने ओळी पुसल्या. शिपाई खिडक्या लावायला आला, तेव्हा तिचा पडदा लाल होता. जिना उतरताना बटणवाली दोन पायऱ्या पुढेच चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटणांचा डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा केला आणि ट्रे म्हणून वाट्या मांडल्या. नवरा चहा घेता घेता म्हणाला, "नोकरी गेली, प्रवेश गेला, आता भातुकली?" ती वाट्या भरत राहिली. वाट्या नेमक्या भरल्या तर नवी नको. एक जरी बटण उरलं तर एक नवी. आधी काही उरलं का ते विचारायचं, मग मिळवायचं. इतकंच होतं! ती एकटीच हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले, कारण एका रात्रीचाच काय तो उशीर झाला होता.

बटणवाली वर्गात गेली. तिथे तिने जीव तोडून अभ्यास केला, चांगली शिकली आणि दुकानांचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागली. खडूबाईला पुढच्या तुकडीत प्रवेश मिळाला, पण तिचा वर्ग संपेपर्यंत नवरा निवृत्त झाला होता आणि नोकरी कुठे दिसत नव्हती. एक दिवस बटणवाली दारात उभी.

"चल, तयार हो. साहेबांना प्रोग्रॅम तपासायच्या परीक्षा लिहिणारं माणूस हवंय. म्हटलं, मला पकडणारी एकच बाई मला ठाऊक आहे."

पुन्हा समोरासमोर दोन टेबलं आली. एक लिहायची, दुसरी भलते आकडे घालून बघायची. "अल्टर!" असं खडूबाई म्हणाली की तरुण मुलं दचकायची, आणि या दोघी मात्र शिलाई मशीनची घरघर आणि इस्त्रीच्या वाफेचा वास आठवून खुळ्यासारख्या हसत बसायच्या.

बटणवालीच्या निरोपाच्या दिवशी सगळे गेल्यावर दोघी फाटकापाशी रेंगाळल्या. "आज तरी सांग," बटणवाली म्हणाली, "कारखान्यात त्या दिवशी माझ्या शर्टाचं कुठलं बटण ओढलं होतंस?"

खडूबाईने उत्तराऐवजी हात पुढे केला आणि मैत्रिणीच्या नव्या स्वेटरचं खालून दुसरं बटण ओढलं.

ते हातात आलं.

"मेले," बटणवाली म्हणाली, "घरी शिवलंय गं मी ते."

"दे इकडे," खडूबाईने पर्समधून सुई काढली आणि फाटकाच्या दिव्याखाली दोरा ओवायला लागली.