काकांचा शॉर्टस्टॉप

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत दर शनिवारी मला भेटणारे एक काका शंभर वर्षांपूर्वीच्या एका विसरलेल्या बेसबॉल खेळाडूविषयी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या एका शॉर्टस्टॉपविषयी, शेजाऱ्याविषयी बोलावं तसं बोलतात. "आपला शॉर्टस्टॉप आज फॉर्मात नाही गं," असं जुन्या वर्तमानपत्रात डोकं घालून हळहळतात. पान उलटायला बोट लावत नाहीत, हलकी फुंकर मारतात.

त्याच्या कारकिर्दीवर ते लायब्ररीत बोलणार होते. त्यांची टिपणं टाइप करताना मला त्या काळच्या दुसऱ्या एका पेपरात दिसलं, की ज्या चुकीमुळे त्याला टीमनं काढलं, ती त्याची नव्हतीच. त्याचा थ्रो अचूक होता, पहिल्या बेसवरच्या खेळाडूनं तो झेलताना सोडला होता. बोलायचं धाडस होईना, म्हणून मी त्यांच्या टिपणांत चिठ्ठी लिहून ठेवली.

"बिचारा शंभर वर्षं फुकट शिव्या खातोय, आणि तू चिठ्ठ्या कसल्या लिहितेस?" काका म्हणाले आणि त्यांनी अख्खं भाषण बदललं.

भाषणाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले. आता काका मला सगळ्यांसमोर उभं करणार, म्हणून मान खाली घातली होती.

"हे माझ्या एका छोट्या मैत्रिणीनं शोधलंय," ते इंग्रजीत म्हणाले. "ती इथेच आहे. पण प्लीज, कोणी मागे वळू नका. पुढे बघूनच टाळ्या वाजवा."

सगळ्यांनी तसंच केलं. मी मान वर केली आणि त्या टाळ्या शेवटपर्यंत ऐकल्या.